खालच्या फ्लॅटचा भाव

वरचा फ्लॅट पडीक होता म्हणून स्वस्तात मिळाला. तो नवा करायचा, भाडेकरू ठेवायचा, वाढलेल्या किमतीवर बँकेकडून नवं कर्ज काढायचं आणि माझ्या भावाने राहतं घर गहाण टाकून दिलेले पैसे फेडायचे, हा आमच्या ह्यांचा हिशोब. त्यापायी वर्षभर मी सिमेंटची धूळ खाल्ली.

आज बँकेचा किंमत ठरवणारा माणूस आला. नव्या ओट्यावरून हात फिरवून त्याने आकडा सांगितला. त्यात आमचा खर्चही निघत नव्हता.

"अहो, डोळे आहेत का? फरशी बघा, नळ बघा!" मी कडाडले.

"काम झकास आहे, मॅडम. पण बँक इमारतीतला ताजा व्यवहार धरते. मागच्या महिन्यात खालचा फ्लॅट मातीमोल भावाने गेलाय. कुणीतरी अडलेल्या बाईला नाडलं आणि भुर्दंड तुम्हाला."

तो फ्लॅट ह्यांनीच घेतला होता, बहिणीच्या नावावर. नवरा गेलेल्या त्या शेजारणीला रडवून भाव पाडला आणि आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडले. आता ह्यांची मान वर होईना.

तेवढ्यात जिन्यातून माझ्या भावाचा आवाज आला, "ताई, झालं ना काम?"