रडणे, स्त्री, एक्केचाळीस प्रकार

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, असं फीतवाल्याने आधीच सांगून टाकलं. ज्या गोष्टींवर लोकांचा पटकन विश्वास बसतो, त्या त्याने रेडिओ केंद्राच्या तळघरात अडतीस वर्षं बातम्यांच्या रिळांवर गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि त्यांची लायकी त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

तो बसला होता ताईच्या स्वयंपाकघरात, डुगडुगणाऱ्या स्टुलावर. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक पुठ्ठ्याचं चपटं खोकं आणि एक छापील कागद. ताई टेबलाशी मटार सोलत होती. सूनबाई खिडकीजवळ इस्त्री करत होती, आणि मामेसासऱ्यांच्या गोष्टीत नेमकं कुठे हसायचं हे तिला लग्नाला नऊ वर्षं झाल्यामुळे न बघताही कळत होतं.

कागदाचं प्रकरण साधं होतं. केंद्राच्या तळघरातल्या जुन्या फिती संगणकात भरायचं काम संपत आलं होतं. प्रत्येक आवाजासमोर नावाचा एक रकाना. तो उद्या दुपारी बारापर्यंत भरला नाही, तर यंत्र आपणहून तिथे ‘अनाम’ असं टाकणार, आणि एकदा टाकलं की मग साक्षात संचालकबाईंनाही ते काढता येणार नाही. असा एक आवाज ताईचा होता. नाव लिहून खाली तिची सही हवी होती. फोनवर तिने तीनदा ‘नको’ म्हटलं होतं आणि चौथ्यांदा फोनच उचलला नव्हता. तेव्हा फीतवाला गोष्ट घेऊन आला. ताई त्याचं ऐकत नसे, पण त्याची गोष्ट ऐकत असे. लहानपणापासून हे असंच होतं. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई सतराची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतली. सगळी वळणावर आली, एक ‘ण’ तेवढा राहिला. त्याच्या ‘ण’ची काठी वरच्या रेषेपर्यंत कधी पोचलीच नाही. अजूनही तो किराण्याची यादी घेऊन आला की ताई आधी ‘ण’ दुरुस्त करते, मग यादी वाचते.

तर, निवृत्तीनंतर चार वर्षांनी केंद्राने त्याला गाडी पाठवून बोलावलं. कारण खोक्यांवरचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागेना. दोन तज्ज्ञ आले, भिंग लावून बसले, एकाला चष्मा लागला आणि दुसऱ्याने नोकरी सोडली. शेवटी संचालकबाई म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला आणा.

सूनबाईने विचारलं, खरंच गाडी पाठवली का.

गाडीच होती, फीतवाला म्हणाला. सामान वाहायची होती, पण त्याला पुढे बसवलं होतं.

तळघरात पाहतो तो सगळं जसंच्या तसं. केंद्राचा नियमच असा की कुठलीही फीत फेकायची तर तीन सह्या लागतात, आणि तिसऱ्या सहीची खुर्ची गेली वीस वर्षं रिकामी. त्यामुळे गळणाऱ्या नळाच्या आवाजापासून पडलेल्या मंत्रिमंडळापर्यंत सगळं शाबूत. त्याहून मोठा खजिना होता कलावंतांच्या कार्डांचा. आवाजाची परीक्षा घेताना साहेबलोक शेरा लिहीत, ती कार्डं. संचालकबाईंना वर्धापनदिनाच्या कार्यक्रमासाठी ‘आम्ही आणि आमचे कलावंत’ अशा थाटाचं काहीतरी हृद्य हवं होतं. फीतवाल्याने खण ओढला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

एका बासरीवाल्याच्या कार्डावर होतं, ‘वादन उत्तम. पायाने ताल धरतो. पुढच्या वेळी पाय आणू नयेत.’ एका गायिकेच्या कार्डावर, ‘आवाज गोड. बसल्यावर खुर्ची करकरते. गायिकेस नकार कळवावा, खुर्ची ठेवून घ्यावी.’ एका निवेदकाला ‘सध्या तोतरा नाही, पण होईल असे वाटते’ म्हणून परत पाठवलेलं. त्याच खणात एक कार्ड गडगडाटाच्या पत्र्याचं होतं. नाटकात वीज कडाडायची असली की जो टिनाचा पत्रा हलवत, त्याचं. त्यावर मात्र सुवाच्य अक्षरात, ‘कोरड्या जागी ठेवावा. सहा महिन्यांनी तेल द्यावे. वापरानंतर विश्रांती द्यावी. ओरडून काम करून घेऊ नये.’

इथे सूनबाई हसली. ताई नाही हसली. तिने एक किडका दाणा बाजूला टाकला आणि म्हणाली, “पत्रा होता बाकी चांगला. आम्ही त्याच्या शेजारी उभे राहायचो, तेवढ्या भागात पंखा असायचा.”

सूनबाईला एवढंच ठाऊक होतं की सासूबाई पूर्वी रेडिओवर काहीतरी करायच्या. म्हणून फीतवाल्याने तिच्याकडे तोंड करून ती हकिकत सांगितली, आणि ताईने ती थांबवली नाही.

ताईने आवाजाची परीक्षा दिली तेव्हा नाटकविभागाच्या साहेबांनी कार्डावर शेरा मारला, ‘उच्चार स्वच्छ. रडते तेव्हा खरी वाटते. नायिकेस चालणार नाही.’ साहेबांची नायिका ठरलेली होती. ती सगळीकडे साखरबाई म्हणून ओळखली जायची. बोलायची साखरेसारखं, पण रडायला लागली की शिंक अडकल्यासारखं वाटायचं. मग ताईला तिच्या मागे उभं करायचे. साखरबाईने संवाद म्हणायचा, तोंड बाजूला करायचं, आणि ताईने पुढे वाकून रडायचं. नाटक संपलं की नावं वाचत: साखरबाईचं, साहेबांचं, वाद्यवृंदाचं, एकदा तर ज्या दुकानातून दाराची कडी आणली त्या दुकानाचंसुद्धा. ताईचं नाही. विचारलं तर उत्तर मिळे की रडण्याला नाव कसलं.

अशी नऊ वर्षं गेल्यावर एक दिवस साहेबांनी तिला एकटीला बोलावलं. ताईला वाटलं, आली एकदाची भूमिका. ठेवणीतले कपडे घालून गेली. स्टुडिओत माइक होता, पाण्याचा तांब्या होता आणि एक यादी होती. नवरा गेलेलीचं रडणं. पोर हरवलेलीचं. आनंदाचं. दाराआडचं. रडत रडत हसणं. हळू, मोठ्याने, दुरून, जवळून. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मधे अर्धा तास सुट्टी. एक्केचाळीस प्रकार झाले तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, पुढचं कळवू.

पुढचं काही कळवलं नाही, कारण आता गरजच नव्हती. फीत होती. पुढे बावीस वर्षं त्या केंद्राच्या नाटकांत जे कुणी रडलं, ते ताई रडली. शेजारच्या घरातून नाटक ऐकू यायचं, कुठल्यातरी राजाच्या प्रेताशी राणी हंबरडा फोडायची, आणि ताई इथे भाजी परतता परतता म्हणायची, हे सतरावं. एक दिवस तिने स्वतःच्या घरातला रेडिओ फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

सूनबाईने इस्त्री उभी केली. “आणि मामा, तुम्ही तेव्हा तिथेच होता ना? आईंनीच चिकटवलं होतं ना तुम्हाला?”

होतो म्हणजे नुकताच लागलो होतो, फीतवाला म्हणाला, आठच महिने झाले होते. आणि जरा घाईने पुन्हा तळघरात उतरला.

तर विश्वास बसणार नाही ती गोष्ट आता. ताईचं खोकं कुठे सापडलं असेल? कलावंतांच्या कपाटात नव्हतंच. परीक्षेत जे नापास, ते कलावंत नाहीत. जे कलावंत नाहीत, त्यांचा आवाज हा आवाज नाही, तो नुसता ध्वनिपरिणाम. म्हणून खोकं होतं इफेक्टच्या कपाटात, रेल्वेची शिट्टी आणि लांडगे यांच्या मधोमध. आणि त्या फळीवर मिठाचा थर. बोटाने चाटून पाहिलं, चक्क खारट. चाळीस वर्षं फीत आतल्या आत पाझरत होती. त्या कपाटाजवळ उंदीर जात नसत; गेले तर उदास होऊन परत येत. पहारेकऱ्याने अर्ज दिला होता की लांडग्यांचा त्रास नाही, पण शेजारीण बदलून द्यावी.

“उंदराचा अर्ज नव्हता वाटतं,” ताई म्हणाली. पण तिचे हात थांबले होते, आणि फीतवाल्याला तेवढं पुरेसं होतं.

त्याने फीत यंत्रावर चढवली. पहिल्या प्रकाराला संचालकबाईंनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्याला चष्मा काढला. नवव्याला त्यांनी समितीला बोलावलं. समिती सात जणांची. त्यांतल्या दोघांचं एकमेकांशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. ते सव्विसाव्या प्रकाराला एकमेकांच्या गळ्यात पडले. आवाज पाइपातून वरच्या मजल्यावर गेला आणि तिथे बातम्या वाचणाऱ्याला हवामान सांगताना हुंदका आला. ‘उद्या आकाश निरभ्र राहील’ असं त्याने अशा काही आवाजात वाचलं की लोकांनी घाबरून कपडे आत घेतले. बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे: समिती गहिवरली, ठराव क्रमांक दोन. मग संचालकबाईंनी विचारलं, ही बाई कोण. फीतवाला उभा राहिला आणि म्हणाला, माझी ताई. तशी सगळी समिती उभी राहिली. स्टुडिओच्या दारावर तिचं नाव कोरायचं ठरलं, सुतारालासुद्धा निरोप गेला. आता कागदावर ते नाव आणि खाली सही, एवढंच काय ते बाकी.

सुताराचं काही खरं नव्हतं. समितीचंही फारसं नव्हतं. संचालकबाईंनी दोन मिनिटं ऐकून, नाव मिळालं तर लिहा, नाहीतर राहू द्या, एवढंच म्हटलं होतं. पण कागद खरा होता आणि उद्याचे बाराही खरे होते.

“नाव का नव्हतं पण खोक्यावर?” सूनबाईने विचारलं. “एक ओळ लिहायला काय जात होतं?”

साहेब, फीतवाल्याने हात झटकून सांगितलं. सगळा त्या साहेबांचा दुष्टावा. स्वतःच्या हाताने लिहिलं त्यांनी. फीतवाला हजर असता तर त्याने त्यांचा हात धरला असता, नोकरी गेली असती तरी बेहत्तर. पण तो नेमका तेव्हा रजेवर. पंधरा दिवस. कावीळ. परत आला तेव्हा खोकं बंद होऊन कपाटात गेलेलं. हे पटत नसेल तर पुरावाच आणलाय, असं म्हणून त्याने पिशवीतून खोकं काढलं आणि मटारच्या सालांशेजारी ठेवलं. डोळ्यांसमोर दिसलं की ताईला राग येईल, रागात ती सही करेल, असा त्याचा हिशेब होता.

ताईने हात पदराला पुसले. चष्मा पुसला. खोकं जवळ ओढून, वर लावलेला पिवळा कागद खिडकीच्या उजेडात धरला. ध्वनिपरिणाम. रडणे, स्त्री, एक्केचाळीस प्रकार. ती बराच वेळ पाहत राहिली, यादी तपासते तशी.

“साहेबांनी लिहिलं?”

“स्वतःच्या हाताने.”

“आणि तुला कावीळ.”

“पंधरा दिवस, ताई. डोळे हळदीसारखे.”

“कावीळ तुला लग्नाच्या वर्षी झाली. मीच बसले होते उशाशी. हे त्याच्या सहा वर्षं आधीचं.” तिने कागदावर बोट ठेवलं. “आणि साहेबांचं अक्षर असतं तर ते वाचायला तुला कशाला बोलावलं असतं? गाडी पाठवून?”

सूनबाई हसली नाही. फीतवाल्याने स्टूल सरळ करून पाहिलं, ते आणखी डुगडुगलं. साहेबांनी सांगितलं होतं, असं काहीतरी तो म्हणाला. नोकरी नवी होती, असंही.

“दोन ‘ण’ आहेत यात,” ताई म्हणाली. “दोन्हींची काठी अर्ध्यावर. खोटं बोलतोस तू. हे तू लिहिलंयस.”

तिने खोकं बाजूला सारलं आणि हात पुढे केला.

“तो कागद दे इकडे. पेनही दे. नाव माझं मी लिहिते.”