छातीइतकं पाणी

"आधी वजन कमी करा, मग बघू," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढू लागले.

मावशी खुर्चीतून उठल्या नाहीत. याच हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्या बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेले डॉक्टरसुद्धा.

"वजन माझं मुलगी झाल्यापासून एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "हात गेल्या वर्षी सुजायला लागले. सकाळी तासभर मूठ वळत नाही."

"अहो, ब्याण्णव किलो म्हणजे सांध्यांवर ताण येणारच."

"गुडघ्यांवर येईल. बोटांवर मी उभी राहते का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. रक्ताची तपासणी लिहून दिली, तेव्हाच मावशी उठल्या.

रिपोर्ट आला. संधिवात होता, सांध्यांना आतून सूज होती. गोळ्या सुरू झाल्या. "गोळ्या त्यांचं काम करतील," डॉक्टर या वेळी जरा नरमाईने म्हणाले. "खाणं आणि हालचाल मात्र तुम्हालाच बघायला हवी."

ते कसं बघायचं हे सांगायला मग जो तो पुढे सरसावला. जाऊबाईंनी नुसत्या फळांच्या रसावर राहायला सांगितलं. पाचव्या दिवशी मावशींना इस्त्रीच्या मशीनच्या रोलरपाशीच घेरी आली. मुलीने सकाळी भरभर चालायला नेलं. दोन आठवड्यांत उजवा गुडघा असा फुगला की तीन दिवस रजा पडली. त्या कामावर परतल्या तेव्हा सुपरवायझरने बाजूला बोलावलं.

"मावशी, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. वरच्या खिडकीत बसा. कपडे मोजून घ्यायचे, बस्स."

"मला मशीन येतं. मोजायला कुणीही चालेल."

"मग सहा महिने बघू. तोवर जमलं नाही, तर बदलीच्या कागदावर सही करायची."

त्या तशाच जिना चढून फिजिओथेरपीच्या खोलीत गेल्या. तिथल्या तरुण बाईने मावशींचे हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट वाकवून बघितलं.

"सकाळी नक्की किती वेळाने उघडतात?" तिने विचारलं.

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मावशींनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं.

"रस्त्यावर चालू नका," ती म्हणाली. "पाण्यात चाला. छातीइतक्या पाण्यात गुडघ्यांवर भार फारसा येत नाही. आणि खाण्यातली एकेक गोष्ट बदला. सगळ्या एकदम बदलल्या, तर कशाने बरं वाटलं ते कधी कळायचंच नाही."

मावशींच्या मापाचा पोहण्याचा पोशाख दुकानात नव्हता. त्यांनी दोन घेतले आणि शिंप्याकडून दोन्ही जोडून एक करून घेतला.

नवरा निवृत्त बसड्रायव्हर होता. तो पोशाख बघून म्हणाला, "या वयात हे घालून चारचौघांत जाणार तू?"

"चारचौघं माझी मूठ वळवून देणार आहेत का?"

तलावावरच्या माणसाने दारातच अडवलं. "बाई, हे पोहणाऱ्यांसाठी आहे. नुसतं चालायचं तर बागेत जा."

"पासवर काय लिहिलंय, वाचा."

"जलतरण तलाव."

"आत येऊन चालायचं नाही असं लिहिलंय कुठे?"

त्याने पास उलटसुलट करून बघितला आणि दार सोडलं. उथळ बाजूला दोन मुली एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. मावशी शिडीवरून एकेक पायरी उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं आणि कित्येक दिवसांनी गुडघे गप्प बसले. पहिल्या दिवशी त्या या काठापासून त्या काठापर्यंत चार वेळा चालल्या. मुली केव्हा गेल्या, हे त्यांना कळलंही नाही.

खाण्याचं जास्त जड गेलं. संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याकडे होता आणि त्याचं सगळं प्रेम तळणीतून बाहेर पडायचं.

"माझ्या हातचं आता चालत नाही तुला," तो ताट सरकवत म्हणाला.

"तुमच्या हातचंच हवंय. फक्त तेल कमी करा."

दोन दिवस त्याने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाज्या वाफवल्या, डाळ घट्ट शिजवली आणि चव बघून स्वतःच म्हणाला, "लिंबू हवं."

दुपारचा गोड चहा आणि बिस्किटं गेली, पाकिटातलं खारट गेलं. जाऊबाई म्हणाल्या, टोमॅटोने सूज वाढते. मावशींनी तीन आठवडे टोमॅटो बंद करून पुन्हा सुरू केले. बोटांना काडीचा फरक पडला नाही. जाऊबाईंसमोर त्यांनी अख्खा टोमॅटो चिरून खाल्ला.

सहा महिन्यांनी वजनाचा काटा पंच्याऐंशीवर थांबला.

"सातच किलो," डॉक्टर म्हणाले. "अजून पंधरा तरी हवेत."

"व्हायचे तेव्हा होतील. मूठ आता वीस मिनिटांत वळते. तेही लिहा तिथे."

डॉक्टरांनी वजनाच्या आकड्याखाली ते लिहिलं.

त्या दिवशी दुपारी सुपरवायझर बदलीचा कागद आणि पेन घेऊन आला. मावशींनी तो वाचला आणि न उघडलेल्या पेनासकट परत दिला.

"या सहा महिन्यांत माझी एकही रजा नाही. हजेरी बघा."

"ते बघितलं मी. पण उद्या त्रास झाला तर?"

"झाला तर मी सांगेन. तुम्ही नाही सांगायचं."

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेला.

मशीनमधून गरम चादर बाहेर आली. समोर काम करणाऱ्या बाईने तिची दोन टोकं उचलली. मावशींच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आता कायमची वाकडी राहिली होती. त्या बोटांसाठी गोळ्यांना उशीर झाला होता. त्यांनी टोक अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत पकडलं, चादर ताणली, एक पाऊल पुढे टाकलं. कडेला कड लागली.

"पुढची घे," त्या म्हणाल्या.