ओली धूळ

फोरमनने शिडीवरच्या जावयाचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि अंगातली सगळी ताकद लावून त्याला खाली खेचलं.

जावई पाठीवर आपटला. तो उठतोय न उठतोय तोच फोरमनने त्याची कॉलर पकडली आणि त्याला कुंपणाकडे फरफटत नेऊ लागला. वीज उपकेंद्रातली माणसं जागच्या जागी थिजली. जावई इथला इंजिनियर, कामावर फोरमन त्याला 'साहेब' म्हणायचा. त्याचा चढा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

जावयाने सुटून एक ठोसा लगावला. फोरमनचा ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव आली आणि मग त्याला काही सुचेनासं झालं. रविवारी लेक घरी आली होती, तिचाही ओठ असाच फाटलेला होता. न्हाणीघरात पाय घसरला, म्हणाली. त्याने ते मुकाट ऐकून घेतलं होतं. आता त्याने जावयाच्या नाकावर मारलं, बरगड्यांत मारलं, खाली पाडून पुन्हा मारलं. दोन हेल्परांनी मागून कवटाळून ओढलं, तेव्हा कुठे त्याचे हात थांबले.

"वेड लागलंय म्हाताऱ्याला," जावई रक्त थुंकत म्हणाला. "हवा खडखडीत कोरडी आहे. काय होणार होतं मला?"

आठवडाभर वाळवंटाकडून धूळ येत होती आणि समुद्रावरून खारा वारा. तारा तोलून धरणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर पांढरट थर बसला होता. लाइन बंद न करताच तो फवाऱ्याने धुवायचा, असं जावयाने ठरवलं होतं. पण सकाळी लेकीचा फोन आला. ती वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनं तपासायची, आणि या थराचा खरवडलेला नमुना तिच्याकडेच गेला होता. धुळीत चुनखडी आहे, ती म्हणाली. खत कारखान्याच्या धुरातलं आम्ल ही चुनखडी पिते आणि तिचा निराळाच क्षार होतो. समुद्राच्या मिठाला पाणी सुटायला दमट हवा तरी लागते, हा क्षार कोरड्या हवेतलंही पाणी ओढतो. वरून सुका दिसला तरी तो ओला आहे आणि ओल्यातून वीज वाट काढणार. बातम्या वाचाव्यात तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि फोन ठेवला. फोरमन धावत आला तेव्हा जावई अर्धी शिडी चढला होता. दोन हाका मारल्या, तर वरून त्याने नुसता हात झटकला.

हेल्परांनी फोरमनला सोडलंही नव्हतं, एवढ्यात शिडीच्या वर काहीतरी चरचरलं. निळा-पांढरा लोळ थरावरून सरपटत गेला, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि इन्सुलेटरच्या ठिकऱ्या उडाल्या. चिनी मातीचे तुकडे सुऱ्यांसारखे आले. एक फोरमनचा कान चिरून गेला. एक जावयाच्या मांडीत हाडापर्यंत रुतला आणि तो गुरासारखा ओरडू लागला. शिडीची वरची टोकं वितळून वाकली होती.

रुग्णालयाच्या बाकावर फोरमन कानाला पट्टी बांधून बसला होता. लेक आली, शेजारी बसली. तिने काळा चष्मा काढला नाही. जावयाचं ऑपरेशन झालं, जिवाला धोका नाही, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली.

"कंट्रोल रूमलाही फोन करायचास ना," तो हळूच म्हणाला. "त्यांनी लगेच लाइन बंद केली असती."

तिने चष्मा नाकावर नीट बसवला.

"वर तोच चढणार, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी फक्त तुम्हाला सांगितलं, बाबा."

फोरमनने तिच्याकडे पाहिलं नाही. सोलवटलेल्या मुठींवर तो फुंकर घालत राहिला.

दार उघडून नर्सने विचारलं, "पेशंट शुद्धीवर आलाय. त्याच्याबरोबर कोण आहे?"

लेक हलली नाही. नर्सने पुन्हा विचारलं.

गुडघ्यांवर हात टेकून शेवटी फोरमनच उठला.

"मी," तो म्हणाला.