काही झालं तर युरोप आहेच

मी यतीनचा पासपोर्ट बोलतोय. ब्रिटनचा, मरून रंगाचा. कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘युरोपियन युनियन’ लिहिलंय, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका!

यतीन जन्माने लंडनचा, नोकरीसाठी अमेरिकेत जर्सी सिटीला आलेला. ब्रिटन युनियन सोडणार अशी बोंब उठली, तसा या शहाण्याने जुना पासपोर्ट बदलून घाईघाईने मला मागवलं. बायकोला म्हणाला, "दहा वर्षांची एफडी केली समज. रेट लॉक! ब्रिटन जाऊ दे खड्ड्यात, आपला युरोप पक्का."

बायको सुवर्णा नागपूरची, तिचा पासपोर्ट भारताचा. तिने मला हळदकुंकू लावलं, पण बाई सावध होती.

"ब्रिटन बाहेर पडायच्या डेडलाइनच्या आत पोर्तुगालला जाऊन राहू या ना. नंतर तिथे राहायचा हक्क जाणार म्हणतात."

"अगं, यावरची एक्सपायरी बघ की! आधी बोनस तर हातात पडू दे."

माझी मुदत वेगळी आणि हक्काची वेगळी, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? मी ड्रॉवरमध्ये मजेत लोळत होतो.

डेडलाइन गेली. काही वर्षांनी यतीनची नोकरी गेली आणि तिच्यापाठोपाठ नवराबायकोचा अमेरिकेचा व्हिसाही. तरी गडी बिनधास्त! "काही झालं तर युरोप आहेच," म्हणत त्याने ओळखीच्या वकील वल्लरीताईंना फोन लावला.

"पासपोर्ट व्हॅलिड आहे रे, पण युरोपात राहायचा हक्क ब्रिटनबरोबरच गेला," त्या म्हणाल्या. "तू लंडनला जा. सुवर्णाला लगेच नाही नेता येणार. आधी तिथे पुरेशा पगाराची नोकरी दाखवावी लागेल."

यतीनचा चेहरा असा काही पडला की, खरं सांगतो, मला हसूच आलं. सुवर्णाने नागपूरची दोन तिकिटं काढली, स्वतःचं आणि लेक इशिताचं; यतीनचं एकट्याचं लंडनचं.

विमानतळावर यतीन सवयीने त्या दोघींच्या मागेच रांगेत उभा राहिला. सहा वर्षांची इशिता वळून म्हणाली, "बाबा, दिस इज नॉट युअर लाइन."

तो बाजूला झाला. मी त्याच्या मुठीत घामाने भिजलो.

मी अजून काही वर्षं चालेन. त्याने मला नीट जपावं, एवढीच विनंती. दुसरं काय उरलंय त्याच्याकडे?