डावखुरी मूठ

विलायतेत रिव्हॉल्व्हर बाळगायचं तर त्याला शेपूट लागतं. कायदाच आहे तसा. नळी एक फूट हवी, अख्खी वस्तू दोन फूट हवी, आणि तेवढी भरत नसेल तर मुठीच्या मागे लोखंडी दांडा जोडायचा. दोन फुटांची वस्तू खिशात मावत नाही, आणि जी खिशात मावत नाही तिने सभ्य माणूस कुणाचा जीव घेत नाही, असा सरकारचा समज. चैत्रालीच्या बाबांच्या रिव्हॉल्व्हरला असं शेपूट होतं. त्यामुळे ते शस्त्र कमी आणि टॉवेल अडकवायची खुंटी जास्त वाटायचं.

तरी त्या खुंटीसाठी चैत्राली शनिवारच्या दोन पेशंटांची रूट कनाल रद्द करून ईलिंगहून बेसिंगस्टोकला आली होती.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. रिव्हॉल्व्हर आता तिच्या आणि धाकट्या नकुलच्या, दोघांच्याही सर्टिफिकेटवर, म्हणजे शस्त्रपरवान्यावर, होतं. मूठ मात्र अजून बाबांचीच होती. अक्रोडाच्या एकाच तुकड्यातली, त्यांच्या डाव्या हाताच्या मापाने कोरलेली. चैत्रालीही डावखुरी. तिने ती मूठ धरली की बाबांची बोटं जिथे बसायची तिथेच तिची बसत. नकुल उजवा. त्याने कुणाला न विचारता डेरिककडे मूठ तासून उजवी करायला टाकली, हे तिला नेमबाजीच्या क्लबच्या सेक्रेटरीकडून कळलं. तेही स्कोन खाताना.

डेरिक म्हणजे गनस्मिथ. गॅरेजमागच्या शेडमध्ये तीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त करत बसलेला. त्याच्यासमोर भांडायची सोय नव्हती. क्लबातल्या एका गृहस्थाने कुंपणावरून शेजाऱ्याला मूर्ख म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पोलीस त्याच्या तिन्ही बंदुका घेऊन गेले. शेजारी मूर्ख तो मूर्खच राहिला. रागीट माणसाला या देशात बंदूक ठेवता येत नाही. तेव्हा भावंडांनी ठरवल्यासारखं चेहऱ्यावर हसू ठेवलं आणि मराठीतून सुरुवात केली.

मराठी त्यांना तेवढ्यासाठीच यायची. शाळा, प्रेम, नोकरी सगळं इंग्रजीत झालं. मराठी कानावर पडली ती फक्त आईबाबांच्या भांडणांतून. 'तुझी आठवण येते' हे दोघांनाही धड म्हणता आलं नसतं. 'घराण्याला काळिमा फासलास' हे मात्र अस्खलित.

"काय रे मेल्या," चैत्राली गोड हसून म्हणाली, "लाज कुठे विकून खाल्लीस?"

"आलीस का, ताई? म्हटलं अजून तोंड कसं दिसलं नाही," नकुलही हसला. "तुझ्या माहेरची माणसं सगळी अशीच. आयत्या बिळावर नागोबा!"

"माझं माहेर म्हणजे तूच आहेस, गाढवा."

नकुलने क्षणभर हिशोब लावला. "तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

"काय छान बोलता हो तुम्ही आपसात," डेरिक त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "माझी बहीण माझ्याशी बोलतच नाही."

"भाग्यवान आहात," नकुल म्हणाला.

डेरिकचा नियम असा, की लाकडाला हात लावायच्या आधी माप घ्यायचं. त्याने बाबांची मूठ काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी मळलेली पुट्टी थापली आणि रिव्हॉल्व्हर नकुलच्या उजव्या हातात दिलं. समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून दोन मिनिटं उभं राहायचं. पुट्टीत हात उमटतो, तोच नमुना.

"ही काय कणीक आहे? नीट धर," चैत्राली पुटपुटली. "बाबांनी तुला कधी स्वतःचं पेनसुद्धा दिलं नाही."

"आणि तुला दिलं ते तू हरवलंस."

"मी दहा वर्षांची होते!"

"अजूनही तशीच आहेस. फक्त आडवी वाढलीस."

हसू दोघांचं तसंच होतं. पुट्टी मात्र नकुलच्या बोटांमधून शेवयांसारखी बाहेर येत होती. डेरिकने ती खरवडून काढली, निरखून पाहिली आणि बाकावर ठेवली. मग चैत्राली म्हणाली, माझंही माप घ्या, म्हणजे तुलना होईल. घेतलं. तिच्या मुठीत तर पुट्टी उरलीच नाही. सगळी शेपटावर जाऊन लटकली.

डेरिकने दोन्ही गोळे आणि बाबांची मूठ शेजारी शेजारी मांडली.

"तुमचे वडील चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं धरायचे," तो म्हणाला. "तुम्ही दोघं कुणाचा तरी गळा धरताय. कोणाचा, ते विचारत नाही."

"कोणाचाच नाही," दोघं एकदम म्हणाले.

"असं बघा. मलाही लायसन्स आहे, मलाही पोलिसांना उत्तर द्यावं लागतं. हे दोघांच्या नावावर राहणार असेल तर मी आत्ता त्यांना फोन करतो. येऊन ते बोलतील तुमच्याशी. एकाने नाव काढून घेतलं तर दुसऱ्याचं राहील, मी फोन करत नाही." त्याने नाव काढून घ्यायच्या छापील कागदांचं पॅड आणि पेन बाकावर ठेवलं. "मी चहा करतो. घाई नाही."

तो गेल्यावर हसू उतरलं. गालांना रग लागली होती.

"कर सही," नकुल म्हणाला.

"तू कर. गेल्या वर्षी किती वेळा गेलास रेंजवर? दोनदा. त्यातही एकदा पार्किंगवरून भांडून परत."

"मुलगा आहे मी त्यांचा."

"अरे व्वा! मग मी काय कौन्सिलने पाठवलेली?"

चैत्रालीने अक्रोडाच्या मुठीकडे पाहिलं. अंगठ्याच्या जागी लाकूड काळं पडलं होतं, बाबांच्या घामाने. नकुलकडे गेली तर सहा महिन्यांत तासली जाणार. तिच्याकडे राहिली तर हा जन्मभर म्हणणार, ताईने हिसकावली. आणि मग तिला आजवरची सर्वांत वाईट कल्पना सुचली. तिने पेन उचललं आणि सही केली.

"घे," ती म्हणाली. "सोडलं मी. मोठी बहीण आहे. आता मरेपर्यंत लक्षात ठेव, तुझ्या हातात जे आहे ते माझ्या उपकाराने आहे. दर दिवाळीला आठवण करून देईन. तुझ्या पोरांनाही सांगेन."

नकुल पांढरा पडला. दर दिवाळी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावी, कारण त्याने पेन हिसकावलं, दुसरा कागद फाडला आणि इतक्या जोरात सही केली की शेवटचं अक्षर बाकावर उमटलं.

"तुझे उपकार? माझा जोडा घेतो तुझे उपकार!"

डेरिक तीन कप घेऊन आला. त्याने एक कागद वाचला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"मग हे कोणाचं?"

दोघांनी चहाचे कप उचलले. डेरिकने उसासा टाकला, वही उघडून रिव्हॉल्व्हर आपल्याकडे जमा करून घेतलं आणि कपाटात कुलपाआड ठेवलं. अक्रोडाची मूठ बाकावरच राहिली.

"लाकडाला सर्टिफिकेट लागत नाही," तो म्हणाला. "आठवण म्हणून कुणाला हवी असेल तर न्या."

चैत्रालीचा डावा हात पुढे यायला निघालाच होता. तिने पाहिलं, नकुल तिच्या हाताकडेच बघत होता. आत्ताच एवढा मोठा त्याग केलेला माणूस लगेच लाकूड मागतो, हे तो दर दिवाळीला सांगणार.

"नको," ती म्हणाली. "त्यालाच द्या."

"मला कशाला? हिला द्या."

"कसं एकमेकांसाठी सोडता तुम्ही!" डेरिक म्हणाला आणि त्याने मूठ भंगाराच्या पेटीत टाकली. पेटी, तो म्हणाला, तीन वाजता उचलून नेतात.

बाहेर पाऊण वाजला होता. नकुल त्याच्या गाडीला टेकून उभा राहिला, चैत्राली तिच्या गाडीला. भूक दोघांनाही लागली होती. पण जो आधी निघेल त्याच्या पाठीमागे दुसरा मूठ उचलायला आत जाणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"जा ना," नकुल म्हणाला. "पेशंट वाट बघत असतील."

"तू जा. ट्रॅफिक वाढेल."

"मी बेसिंगस्टोकमध्येच राहतो, ताई. मला कसलं ट्रॅफिक?"

चैत्रालीने डिकी उघडली, फोल्डिंगची खुर्ची काढली आणि शेडच्या दाराकडे तोंड करून बसली.