मिश्र दुहेरी

आपल्या बायकोला एके काळी सगळे ‘तोफ’ म्हणत असत, हे चष्मेवाल्याला लग्नानंतर चोवीस वर्षांनी कळलं.

ती शाळेच्या ऑफिसात कारकून. कॉलेजात टेबल टेनिस खेळायची, एवढं त्याच्या कानावर होतं. खोलात जाऊन त्याने कधी विचारलं नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं, आणि एके दिवशी बाईसाहेबांनी माळ्यावरून जुनी बॅट काढली.

“जरा हात मोकळा करून येते हं.”

“जा की,” तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला होता.

तिसऱ्या आठवड्यात तो तिला आणायला क्लबात गेला. दारातच त्याला ऐकू आलं, “तोफ, डावीकडे!” पिकल्या मिशांचा एक उंच गृहस्थ ओरडत होता. आणि जिना चढताना रोज गुडघ्यांच्या नावाने कण्हणारी त्याची बायको अशी काही झेपावली, की समोरचे दोघे बघतच राहिले. मग ती खळखळून हसली. घरात असं हसलेली त्याला आठवेना.

“अहो, या ना! हा माझा कॉलेजातला जोडीदार,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याचा चेहरा पडला.

“मिश्र दुहेरीतला,” मिशीवाल्याने घाईघाईने पुस्ती जोडली.

घरी येताना तो म्हणाला, “तोफ म्हणे! मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

‘तोफ’ या शब्दाने त्याचं डोकं पोखरलं. आपल्या चष्म्यांच्या दुकानात त्याने एका आजोबांच्या चष्म्यात भलत्याच नंबरची काच बसवली. गुरुवारी सकाळी तिची बॅट उचलली आणि दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या फ्रेमांखाली दडपून ठेवली.

संध्याकाळी तिने घर पालथं घातलं. “पाहिलीत का हो?”

“तुझी खेळणी मी सांभाळू का?”

ती रिकाम्या हाताने गेली. आता सुटेल हे खूळ, असं म्हणत त्याने स्वतःसाठी चहा टाकला. पण ती परतली तेव्हा तिच्या हातात लाल मुठीची बॅट होती. “त्याने दिली, त्याच्याकडची जास्तीची. बघा तरी, काय हलकी आहे!”

म्हणजे आता मिशीवाल्याची बॅट त्याच्याच घरात, त्याच्याच टीव्हीशेजारी! दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी जुनी बॅट घेऊन आला. “सापडली गं, कपाटामागे!”

तिने बॅट उलटी करून पाहिली. रबराला फ्रेमच्या किमतीची चिठ्ठी चिकटली होती.

“कपाटामागे तुम्ही दुकान कधी काढलंत?”

त्याने मान खाली घातली. “मला हेवा वाटला. तू तोफ होतीस तेव्हा त्याने तुला पाहिलंय. मी नाही पाहिलं.”

“चोवीस वर्षं बॅट माळ्यावर होती, तेव्हा तुम्हाला ती लपवावीशी वाटली नाही,” ती शांतपणे म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग घरात अबोला. भाजी वाढताना पळीचा आवाज तेवढा यायचा.

पुढच्या गुरुवारी तो दुकान लवकर बंद करून, न बोलावताच क्लबात गेला आणि बाकावर बसला. तिच्या हातात लाल मुठीचीच बॅट होती. मधल्या वेळेत ती घाम पुसायला आली.

“असं तोंड करून बसायचं असेल, तर घरी जा.”

“जळतोय मी, पण बसतो.”

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं वाटलं. टॉवेल त्याच्या मांडीवर टाकून ती टेबलाकडे गेली.

पुढच्याच फटक्याला मिशीवाल्याचा चेंडू जाळ्यात अडकला, आणि चष्मेवाल्याने कडकडून टाळी वाजवली. गुण बायकोचाही गेला, हे तिने वळून डोळे वटारले तेव्हा त्याच्या लक्षात आलं.