डोकं न दुखणारं घर

आमच्या घरात कुणाचंही डोकं दुखत नाही. म्हणजे दुखतं, पण कबूल करायची पद्धत नाही. बाबांना गोळी घ्यायची असली की ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात. मीही ऐन परीक्षेत डोकं फुटायची वेळ आली तरी हसतमुखानं जेवायला बसले होते. ही सगळी सोंगं आईसाठी, आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली.

कारण माझा धाकटा भाऊ, भोपळ्या. डोकं मोठं म्हणून बाबांनी लाडानं ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. तो पाच वर्षांचा असताना डोक्यात पाणी साठतंय असं कळलं. सर्जननी कवटीला लहानसं भोक पाडून दुर्बीण आत घातली आणि मेंदूतल्या एका पातळ पडद्याला छिद्र केलं. पाण्याला वाट मिळाली. "बहुतेक जन्मभर पुरेल," ते म्हणाले, "पण क्वचित, कितीतरी वर्षांनीसुद्धा, छिद्र बुजतं. डोकं दुखलं, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर वाट बघत बसू नका."

आईनं त्यातलं 'बुजतं' तेवढंच घरी आणलं. भोपळ्यानं डोक्याला हात लावायचा अवकाश, ती गॅस बंद करून त्याला काखोटीला मारायची आणि हॉस्पिटल गाठायची. तपासण्यांत काही निघायचं नाही, पण पुढं दोन दिवस ती अन्नाला शिवायची नाही. तिचे हे हाल बघवेनात, म्हणून आम्ही सगळेच दुखणं गिळायला शिकलो. भोपळ्या त्यात आम्हा सगळ्यांच्या वरताण निघाला.

आता तो बाबांच्या फोटोफ्रेमच्या दुकानात काच कापतो. हात इतका सरळ की बाबा त्याला पट्टी म्हणतात. परवा मी दुपारचा डबा घेऊन गेले तर त्यानं एकाच गिऱ्हाइकाची काच दुसऱ्यांदा आखूड कापली होती.

"लक्ष कुठंय तुझं?" बाबा करवादले.

फ्रेमच्या पट्ट्या वर खुंट्यांना टांगलेल्या असतात. "ताई, ती काळी काढ ना," तो म्हणाला.

"का, तुझे हात मोडलेत?"

तो उठला आणि मान पार मागं टाकून वर बघायला लागला. मान न उचलता त्याचे डोळे वर वळतच नव्हते. हे असं बघणं मी आधी एकदाच पाहिलं होतं, तो पाच वर्षांचा असताना.

"डोकं दुखतंय तुझं?"

बाबांची हातोडी थांबली. भोपळ्यानं आधी मागच्या दाराकडं पाहिलं, जिथून आई चहा घेऊन यायची. मग हसून म्हणाला, "छे."

ते हसू मला पाठ आहे, मी स्वतः ते वापरते. मला संताप आला, त्याचा, माझा आणि सगळ्यात जास्त आईचा. "ती नाहीये आता," मी म्हणाले. "मेलीय ती. आता तरी खरं बोल."

तो खाली बसला. "महिना झाला. सकाळी जास्त असतं."

बाबांनी शटर ओढलं. गाडीत तो माझ्या खांद्यावर कलंडायला लागला. मी त्याला चिमटे काढून बोलतं ठेवत होते. हॉस्पिटलमध्ये डोक्याचा फोटो काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छिद्र बुजलंय. लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल. महिनाभर घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" बाबा जमिनीकडं बघत राहिले. मला लाज वाटली.

सही करायला बाबांना काउंटरवर बोलावलं. तेवढ्यात त्याचं स्ट्रेचर आत न्यायला लागले. भोपळ्यानं अर्धवट डोळे उघडून माझी बाही धरली.

"ताई, आईला कळू देऊ नकोस. जेवायची नाही ती."

"जेवलीय ती," मी म्हणाले. "तू जा."

दार मिटलं. बाबा धापा टाकत आले. "काय म्हणाला?"

"काही नाही. फारसं दुखत नाहीये म्हणाला."